रान मोकळे झाल्यावर

दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरू लागले की पहिल्याच आठवड्यात आम्ही प्रथम वर्षाच्या मुलांना एक निबंध लिहायला देतो. विषय शाळेपासून चालत आलेला, जुनाच: सुट्टी कशी घालवली. महाविद्यालयात असला विषय देणे बालिश आहे, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे मत आहे आणि ते सर्वस्वी चूक आहे असेही नाही. परंतु या निबंधांतून जे हाती लागते ते कवितेच्या रसग्रहणातून क्वचितच लागते. साधारण निम्मी मुले आई-वडील, आते-मामेभावंडे किंवा मित्र यांच्याबरोबर लोहगडावर, पवनेच्या काठी नाहीतर कोकणात केलेल्या सहलीचे वर्णन करतात. सूर्योदय असतो, धुके असते, शेकोटी असते. उरलेली निम्मी, बहुधा मागच्या बाकांवरची, तीन-चार ओळींत आटोपतात. त्यातली पहिली ओळ जवळजवळ ठरलेली असते: सुट्टीत भात काढला.

या दोन निबंधांमधले अंतर आम्हांला परके नाही. आमच्यापैकी एकाचे बालपण पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात गेले आणि दुसऱ्याचे वराळ्यात, तळेगाव स्टेशनापलीकडे इंद्रायणीच्या काठाशी असलेल्या शिवारात. एक जण भाऊबीज उरकली की लोकलने तळेगावला उतरून नातेवाइकांकडे 'हवापालटाला' येत असे. दुसऱ्याला त्याच दिवसांत पहाटे विळा हातात घ्यावा लागे. खाचराच्या बांधावरून नव्या कपड्यांतली शहरी मुले नदीकडे जाताना त्याने पुष्कळदा पाहिली आहेत. त्या मुलांत आपला भावी सहलेखक असावा काय, हा प्रश्न आम्ही एकमेकांना अधूनमधून विचारतो. उत्तर मिळण्यासारखे नाही. मात्र त्यातून दुसरा एक प्रश्न निघाला आणि तो या लेखाचा विषय आहे. शरदात घराबाहेर पडण्याची ही रीत मावळात केव्हापासूनची? बाहेर पडणारे कोण होते, आणि ज्यांच्या शिवारातून ते जात त्यांच्याशी त्यांचा काय करार होता?

करार हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. मावळात उतरणाऱ्या पावसाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ठाऊक असेल की येथे चार महिने वाटच उरत नाही. खाचरे भरलेली, बांध निसरडे, ओढे फुगलेले. आषाढात लावणी होते, तेव्हा ज्या बांधावरून माणूस चालणार त्याच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीची कोवळी रोपे उभी असतात. इरले घेऊन वाकलेल्या माणसाला त्या दिवसांत पाहुणा नको असतो. आश्विनात पीक पिवळे पडू लागते, कार्तिकात निघते, आणि मग गावकऱ्यांच्या भाषेत रान मोकळे होते. मोकळे म्हणजे गुरांना मोकळे, वाटसरूला मोकळे. शरदातल्या भ्रमंतीचा सारा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो, असे आम्हांला वाटते.

या इतिहासाचा अगदी जुना पुरावा दगडात आहे. भाजे, बेडसे, कार्ले येथील लेणी आपण सहलीची ठिकाणे म्हणून पाहतो. ज्यांच्यासाठी ती कोरली त्यांच्या दृष्टीने ती पावसाळ्यात थांबण्याच्या जागा होत्या. बौद्ध भिक्षूंनी आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. तो का झाला याची विनयपिटकात दिलेली हकिकत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. भिक्षू भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायाखाली मरतात, अशी कुरकुर लोकांनी केली आणि त्या कुरकुरीवरून नियम झाला. म्हणजे थांबण्याची ही रीत केवळ तपश्चर्येतून आली नाही. गावकऱ्यांची तक्रार ऐकून घेतल्यामुळे ती आली. हा तीन महिन्यांचा वास आश्विन पौर्णिमेला संपतो. ज्या चांदण्यात आपण कोजागरीचे दूध आटवतो, त्याच चांदण्यात पवारणेचा विधी करून भिक्षू पुन्हा वाटेला लागत.

कार्ल्याच्या चैत्यगृहातला उषवदाताचा शिलालेख तर थेट या व्यवहाराचाच कागद आहे. क्षहरात नहपानाचा हा जावई. वलुरक म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या सर्व प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी आपण करजिक नावाचे गाव दिल्याचे तो नोंदवतो. पुढे सातवाहनांच्या अमलात 'मामाल' येथील अमात्याला उद्देशून आज्ञा निघते आणि त्याच गावाचे दान पुढे चालवले जाते. मामाल म्हणजे आपला मावळ. आपल्या तालुक्याचे नाव सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या लेखात वाचताना कोणालाही आनंद होईल, आम्हांलाही होतो. पण लेखाचा आशय निराळा आहे. पावसात थांबलेल्या पाहुण्यांच्या पोटाची सोय एका गावाच्या उत्पन्नातून होत असे आणि कोणत्या गावाच्या, हे दगडावर लिहून ठेवलेले असे. पाहुणा फुकट जेवत नसतो, त्याचे जेवण कोणीतरी पिकवलेले असते, ही जाणीव त्या कोरीव अक्षरांत आहे. करजिकच्या कुणब्यांना हे दान कितपत मानवले, हे मात्र लेखात नाही. दानलेख देणाऱ्याचे असतात.

मराठ्यांच्या काळात बाहेर पडण्याचा मुहूर्त कोजागरीच्याही आधी, दसऱ्याला येतो. आज सीमोल्लंघन म्हणजे गावाबाहेरच्या देवळापर्यंत जाऊन आपट्याची पाने लुटणे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ती लष्करी दिनदर्शिका आहे. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी छावणीला येई, दसऱ्याला छावणीतून निघे आणि आठ महिने परमुलखात राही. निघताना प्रत्येकाच्या वस्तूंची यादी होई. या मोहिमांना सहल म्हणण्याचा खुळेपणा आम्ही करणार नाही. परंतु ऋतूशी आणि रानाशी असलेले नाते तेच आहे: चार महिने थांबणे, मग निघणे. थांबण्याच्या काळात कसे वागावे याविषयीचे शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना १६७० च्या दशकात लिहिलेले पत्र मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचले पाहिजे, आणि सहलीला निघणाऱ्यानेही. दाणा-वैरण आताच उधळून टाकाल तर पावसाळ्याच्या अखेरीस काही उरणार नाही. मग लोक कुणब्यांकडून दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजीपाला आणू लागतील. असे झाले तर जे कुणबी जीव धरून घरी राहिले आहेत तेही निघून जातील आणि तुम्हांला मोगलांपेक्षा वाईट म्हणतील, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. पुढे दिव्याची वात उंदीर पळवील आणि गवताला आग लागेल, इतक्या बारीक तपशिलापर्यंत महाराज उतरतात. दुसऱ्याच्या गावात मुक्काम करणाऱ्याला दिलेली इतकी व्यवहारी समज आम्ही अन्यत्र वाचलेली नाही.

या दिनदर्शिकेचे पालन शत्रूलाही करावे लागे. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला 'इष्टुर फाकडा', मारला गेला. ९ तारखेला फौज तळेगावला पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव रिकामे करून जाळलेले होते. दाणा-वैरण मिळण्याचा प्रश्नच नव्हता. फौज मागे वळली आणि वडगावला शरण आली. वडगावच्या विजयाचा अभिमान आमच्या तालुक्यात सर्वांना आहे आणि तो असावा. नुकतेच निघालेले भात ज्यांनी जाळू दिले त्यांची आठवण त्या अभिमानात फारशी नसते, एवढेच जाता जाता नोंदवतो.

आता खऱ्या अर्थाने सहल म्हणावी अशा गोष्टीकडे वळतो. शरदातल्या कौटुंबिक सहलीचे मूळ शोधायला लोक विलायतेकडे धाव घेतात, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. आपल्याकडे आवळीभोजन आहे. कार्तिकाच्या शुद्ध पक्षात, विशेषतः वैकुंठ चतुर्दशीच्या सुमाराला, गावाबाहेर आवळीच्या झाडाखाली जायचे, झाडाची पूजा करायची आणि तेथेच सगळ्यांनी मिळून जेवायचे. पूजा हे निमित्त. खरे अप्रूप बायकांना असे. वर्षभर स्वयंपाकघराच्या चौकटीत वावरणाऱ्या लेकी-सुनांना उघड्या आभाळाखाली, वडीलधाऱ्यांच्या देखत, पाय पसरून बसण्याची धर्मसंमत मुभा वर्षातून एवढ्याच दिवशी मिळे. वाड्यात वाढलेल्या आमच्यातल्या एकाची आजी दिवाळीच्या फराळापेक्षा आवळीभोजनाच्या आठवणी अधिक सांगत असे. झाडाखालच्या पिठल्याला घरच्या पुरणाची सर येत नाही असे कोण म्हणतो, असा तिचा प्रश्न असे. तिथीची योजना पाहा: पीक बव्हंशी निघालेले, नवा तांदूळ घरात आलेला, रान मोकळे. आवळीचे झाड बहुधा कुणाच्या तरी बांधावर असते. भात उभे असताना त्या झाडाखाली पंगत बसवणे कोणाच्या मनातही आले नसते.

साहेबांच्या सहली याला समांतर चालू होत्या. मारिया ग्रॅहॅम ही बाई १८०९ च्या अखेरीस घाट चढून कार्ल्याची लेणी पाहून गेली आणि १८१२ मध्ये तिने आपली रोजनिशी छापली. नोव्हेंबर १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. पण मधला घाट व्हायचा होता, म्हणून मुंबईचे उतारू खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून किंवा पायी खंडाळ्यापर्यंत येत आणि पुन्हा गाडीत बसत. घाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने त्यांच्यातले किती गेले याची मोजदाद कोणी धड ठेवली नाही. पावसाळ्यात उघड्यावरचे काम थांबे, मजूर पांगत आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा गोळा होत. भिक्षू, शिलेदार आणि घाटाचा मजूर या तिघांनाही एकच पंचांग लागू होते. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला आणि खंडाळा-लोणावळ्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले उठू लागले.

बंगलेवाल्यांना सुट्टी मिळवावी लागत नव्हती. इतरांना लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. गिरणीत असलेला मावळ-कोकणातला कुणबी सुट्टी मिळाली की कोठे जात असेल? दिवाळीत तो गावी येई आणि गावी आला की त्याच्या हाती विळा येई. सुट्टी हा शब्द सुटण्यावरून आला आहे. त्याचे सुटणे म्हणजे साच्यावरून सुटून खाचरात येणे होते. आमच्या मागच्या बाकांवरील मुलांचे ते पूर्वज. उलट १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी केवळ शनिवार-रविवारी धावे, ती मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती गाठता याव्यात म्हणून. एकाच लोहमार्गावरच्या या दोन सुट्ट्या.

सामान्य मराठी माणसाला रानाची गोडी लावण्याचे श्रेय पुष्कळ अंशी एका तळेगावकराकडे जाते. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) तळेगाव दाभाड्याला राहत आणि तेथून गड चढत. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून किती जण वाटेला लागले याची गणती नाही. त्यांच्या 'माचीवरला बुधा'तला बुधा मुंबई सोडून राजमाचीवर राहायला येतो. आम्ही ही कादंबरी शिकवताना एक गोष्ट आवर्जून दाखवतो: लेखक रानावर कितीही लुब्ध असला तरी तो त्या रानात पाहुणा आहे, हे त्याला ठाऊक आहे. गडाच्या घेऱ्यातल्या माणसांच्या झोपडीत तो बसतो, त्यांची भाकरी खातो, त्यांची बोली कान देऊन ऐकतो. त्याच्या पाठोपाठ आलेल्या आमच्या पिढीने गड घेतले आणि घेरे सोडले, असे कधी कधी वाटते. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणारी पोरे किल्ल्याच्या पायथ्याशी अळीव पेरून शेत उगवतात आणि मातीचा शेतकरीही उभा करतात. त्यांना घेऱ्याचे महत्त्व कळते.

११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. या एका गाडीने जेवढा बदल केला तेवढा त्यानंतर थेट द्रुतगती मार्गाने, म्हणजे २००२ नंतर केला. लोकलपूर्वी मावळात येणे म्हणजे कुणाकडे तरी येणे होते. मुक्काम करावा लागे, म्हणून यजमान लागे. आणि यजमान असला की त्याच्या शेताची वेळ सांभाळावी लागे. सकाळी येऊन संध्याकाळी परतता येऊ लागल्यावर यजमानाची गरज संपली. वराळ्यातील त्या घरात मात्र पुण्याहून येणारे पाहुणे आणखी बरीच वर्षे येत राहिले. त्यांच्यासाठी पहिल्या घाणीचे भात सडून पोहे केले जात. पुढे आंबेमोहोराची जागा 'इंद्रायणी'ने घेतली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला हा वाण आज मावळची ओळख आहे. पाहुणे जाताना पायलीभर तांदूळ घेऊन जात आणि पुढल्या वर्षी मुलांची जुनी पुस्तके आणत. आमच्यातल्या एकाने त्याच पुस्तकांवर इंग्रजीचा पेपर काढला.

मग, आमच्या डोळ्यांदेखत, सहलीचा ऋतूच बदलला. नव्वदीच्या दशकापासून लोक शरदाची वाट न पाहता पहिल्या पावसालाच घाटाकडे धावू लागले. पावसात मावळ सुंदर दिसतो हे आम्हांला मान्य आहे. आम्ही येथेच राहतो. परंतु दोन हजार वर्षे जो काळ थांबण्याचा होता तोच धावण्याचा झाला आणि तोही लावणीच्या ऐन गर्दीत, हा साधा बदल नव्हे. आगगाडीच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, आमच्याच इंद्रायणीवर, वराळ्याच्या खालच्या अंगाला इंदोरीजवळच्या कुंडमळ्यावरचा लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो पूल काठच्या शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता. त्या दिवशी त्यावर पाणी पाहायला आलेली माणसे उभी होती. मेलेल्यांना दोष देण्याची वृत्ती आम्हांला मुळीच मान्य नाही. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना नदी दाखवावी असे वाटणे हा गुन्हा नाही. पण पाहुण्याला नदीचा स्वभाव सांगणारा यजमान त्याच्याबरोबर नव्हता, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. वराळ्यात पूर्वी जून लागला की घरातले म्हातारे माणूस पाहुण्यांच्या मुलांना डोहाकडे फिरकू देत नसे. ती मुले पुन्हा दिवाळीत येत, तेव्हा तेच म्हातारे त्यांना पोहायला शिकवी.

शरद अर्थात ओस पडलेला नाही. पवनेच्या जलाशयाकाठी तंबू लागतात, लोहगडावर रविवारी रांग लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तोही आहे. वराळ्यात आता इमारती, वसतिगृहे आणि जागांच्या जाहिराती खाचरांहून अधिक दिसतात. तरी काही खाचरे आहेत.

मागल्या कार्तिकात आम्ही विभागाची सहल कोठे न्यावी याचा खल करीत होतो. मागच्या बाकावरल्या एका मुलीने, अगदी संकोचत, तिच्या बांधावर आवळी असल्याचे सांगितले. मग वराळ्यालाच जायचे ठरले. मुलांनी घरून डबे आणले, तिच्या आईने पिठले आणि नव्या तांदळाचा भात केला. निम्मे खाचर कापून पसरलेले होते, निम्मे उभे होते. म्हणजे रान पुरते मोकळे झालेले नव्हते आणि आम्ही ज्या रीतीची एवढी थोरवी गायली ती आम्हीच मोडत होतो. बाईंना तसे बोलून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "सर, आता सगळ्यांचीच वेळ चुकायला लागली, पावसाचीसुद्धा. तुम्ही निवांत जेवा."

निवांत जेवणे झाले नाही. ताक वाढत असतानाच भंडाऱ्याच्या डोंगरावर ढग चढले. बाई काही न बोलता उठल्या आणि पसरलेले भात गोळा करू लागल्या. त्यांच्यामागे त्यांची मुलगी, तिच्यामागे दोघे-तिघे आणि मग सारा वर्ग. लोहगडावरील सूर्योदयावर दोन पाने लिहिणारा एक मुलगा भाताचा कवळा छातीशी धरून बांधावर गोंधळून उभा होता. त्या मुलीने त्याच्या हातून तो घेतला, चार काड्यांचा बंद वळला, गुडघ्याने दाबून पेंढी आवळली आणि दुसरी त्याच्यापुढे टाकली. त्याची पेंढी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बांधून होईस्तोवर पहिले थेंब आले होते आणि आम्ही दोघे ताडपत्रीची दोन टोके धरून उभे होतो.